रात्री जेवले नाहीत, तरी सकाळी साखर वाढली कशी?

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "मिस्टरांचं वय ५४, वजन ६४ किलो, अंगाने सडपातळ. दोन वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. रात्री साडेआठला दोन फुलके, भाजी, वाटीभर वरण. झोपताना ग्लुकोमीटरवर १२२, पहाटे सहाला १५१. म्हणून त्यांनी चार दिवस रात्रीचं जेवणच सोडलं, तर सकाळी १५८! सासूबाई म्हणतात, हा नक्की रात्री उठून फ्रीज उघडतो. पोटात काही गेलंच नाही तर साखर येते कुठून?"

ताई, आधी निकाल देऊन टाकतो: मिस्टर निर्दोष आहेत. फ्रीजबद्दल मी शपथ घेणार नाही, पण १५१ येण्यासाठी फ्रीज उघडायची गरजच नाही. ती साखर त्यांच्या यकृतानं रात्रभर बसून तयार केली आणि रक्तात सोडली. तीस वर्षं पुण्यात मधुमेहाचे रुग्ण पाहतोय, आणि जवळजवळ रोज कुणीतरी हाच प्रश्न विचारतं. याचं कारण आपल्या मनात साखरेचा हिशोब फार सरळ असतो: खाल्लं की वाढते, नाही खाल्लं की उतरते. उपाशीपोटीच्या साखरेला हा हिशोब लागू पडत नाही.

थोडं गणित करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० धरली, म्हणजे डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर रक्तामागे) १०० मिलिग्रॅम, तर अख्ख्या रक्तात मिळून साखर किती? पाच ग्रॅम. चहात घालतो तो एक छोटा चमचा. आता खर्च बघा. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. झोपेतसुद्धा तो काही दुकान बंद करत नाही. थोडक्यात, रक्तातली सगळी साखर मेंदूच तासाभरात फस्त करेल. तरीही आपण रात्री दहाला झोपून सकाळी सहाला शुद्धीवर उठतो, कारण यकृत मागून पुरवठा चालू ठेवतं. निरोगी माणसात रात्री हा वेग किलोमागे मिनिटाला दोन मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मिस्टरांच्या ६४ किलोंना हे लावून पाहा: आठ तासांत साठ ग्रॅम. बारा चमचे साखर, आणि तीही घास न खाता.

यातली काही यकृतातल्या साठ्यातून येते. जेवणानंतर यकृत सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. स्नायूंमध्ये याच्या तिप्पट-चौपट साठा असतो, पण स्नायू हा कंजूष भाऊ आहे. ती साखर पुन्हा रक्तात सोडायला लागणारं एन्झाइमच त्याच्याकडे नाही. स्वतःपुरती वापरतो, घराला देत नाही. रात्रीची उरलेली गरज यकृत नवी साखर बनवून भागवतं. स्नायूंतून आलेलं लॅक्टेट आणि अमिनो आम्लं, चरबीतून आलेलं ग्लिसरॉल, असा कच्चा माल वापरून. तेव्हा "पोटात काही गेलंच नाही" हे खरं असलं तरी यकृताला त्याची फिकीर नाही.

मग हा नळ किती उघडा ठेवायचा, हे ठरवतं कोण? इथे हार्मोन येतात.

जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. त्याचं बहुतेक काम पाचकरस बनवण्याचं, पण आत पेशींची बारीक बारीक बेटं विखुरलेली असतात, दहा लाखांच्या घरात. वजनानं मात्र संपूर्ण ग्रंथीच्या एक-दोन टक्केच. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, पण कशासाठी आहेत हे काही त्याला उमगलं नाही. या बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन.

बीटा पेशीला साखर किती आहे हे कळतं कसं, हा मला शरीरातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. ती साखर मोजत नाही, जाळते. रक्तात साखर वाढली की तेवढी जास्त आत शिरते, जळते, ऊर्जा तयार होते. त्या ऊर्जेच्या रेणूंनी पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात, भिंतीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिननं भरलेल्या पिशव्या बाहेर रित्या होतात. साखर उतरली की जळण कमी, दारं उघडी, इन्सुलिन बंद. आता ग्लिमेपिराइड नावाची गोळी घ्या, जी आपल्याकडे घरोघरी असते. ती नेमकं हेच पोटॅशियमचं दार बंद करते, पण आत साखर जळतेय की नाही हे न बघता. म्हणून ही गोळी घेऊन जेवण चुकवलं की साखर धाडकन खाली येऊ शकते. ताई, मिस्टरांची गोळी कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिच्या नावात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर रात्रीचं जेवण सोडण्याचा प्रयोग आजच थांबवा. बाकीचं उत्तर नंतर वाचा.

इन्सुलिन म्हणजे पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली, असं आम्हीच डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलो. चूक नाही, पण अर्धंच आहे. स्नायू आणि चरबीत ते किल्लीचं काम करतं खरं. पण स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं, आणि त्यातलं सुमारे निम्मं तिथेच खर्ची पडतं. ही रचना उगीच नाही. इन्सुलिनचं रात्रीचं मुख्य काम यकृताच्या नळावर हात ठेवण्याचं आहे: पुरे, इतकंच सोड. इन्सुलिन कमी पडलं, किंवा यकृत त्याचं ऐकेनासं झालं, की नळ नको इतका उघडतो. मिस्टरांच्या बाबतीत बहुधा दुसरी गोष्ट जास्त आहे, पहिली थोडी.

नळ उघडणारा मुख्य हात ग्लुकॅगॉनचा. याची कहाणी गमतीची आहे. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कातून इन्सुलिन मिळवलं. पण त्या काळातले असे अर्क टोचल्यावर कधी कधी साखर आधी थोडी चढायची आणि मग उतरायची. काहीतरी भेसळ आहे, असं वाटलं. १९२३ मध्ये किंबॉल आणि मर्लिन यांनी त्या 'भेसळी'ला ग्लुकॅगॉन हे नाव दिलं. इन्सुलिनला त्याच वर्षी नोबेल मिळालं. ग्लुकॅगॉन बिचारं कित्येक दशकं दुय्यमच राहिलं. आजही रुग्णांना इन्सुलिन माहीत असतं, ग्लुकॅगॉन विचारलं तर ब्लँक चेहरा. पण टाइप टू मधुमेहात दोष दोघांचाही असतो. निरोगी माणसात जेवणानंतर ग्लुकॅगॉन खाली जातं. मधुमेहात ते जागेवरून हलत नाही, उलट चढतंसुद्धा. म्हणजे ताटातून साखर येतेय, आणि त्याच वेळी यकृतही सोडतंय. जेवणानंतर २२० का येते, याचं निम्मं उत्तर फुलक्यांत नसतं ते असं.

आतड्यातूनही दोन हार्मोन निघतात, जीएलपी-वन आणि जीआयपी. तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडातून दिली तर बरंच जास्त. कारण आतडं स्वादुपिंडाला आधीच वर्दी देतं की माल येतोय. जीएलपी-वन ग्लुकॅगॉनलाही दाबतं. शरीरात ते एक-दोन मिनिटांत मोडतं. त्याला मोडणाऱ्या एन्झाइमला अडवणाऱ्या गोळ्या म्हणजे सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन वगैरे; आणि मोडायला आठवडा लागेल असं बनवलेलं त्याचंच रूप म्हणजे सेमाग्लुटाइड, ज्याच्याबद्दल हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला विचारतात. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध कमी, म्हणून पुढे जातो.

आता पहाट. झोप लागल्यावर, गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते. मोठ्या माणसातही. त्याचा इन्सुलिनविरोधी परिणाम लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतो. मग रात्री दोन-तीननंतर कॉर्टिसॉल चढायला लागतं आणि जाग येण्याच्या सुमारास शिखर गाठतं. हे शरीराचं दिवस सुरू करण्याचं नियोजन आहे: उठायचं आहे, इंधन तयार ठेवा. दोघं मिळून यकृताला साखर सोडायला लावतात आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाहीत. हे तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत रोज घडतं. फरक एवढाच की निरोगी स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून बरोबरी साधतं, त्यामुळे आकडा ९० चा ९० च राहतो. मिस्टरांच्या स्वादुपिंडाला ती जादाची फेरी मारणं जमत नाही. आम्ही याला डॉन फेनॉमेनन म्हणतो. सोप्या भाषेत, पहाटेची चढ.

म्हणूनच जेवण सोडून उपयोग झाला नाही. जेवण नाही म्हटल्यावर इन्सुलिन आणखी खाली गेलं, ग्लुकॅगॉन वर राहिलं, चरबी वितळून तिचे घटक यकृतात पोचले आणि नवी साखर बनवायला त्याला ऊर्जा मिळाली. उपाशी माणसाचं यकृत जास्त राबतं. आणि एक कानगोष्ट: १५१ आणि १५८ हा फरकच नाही. चांगल्या ग्लुकोमीटरलाही शंभरच्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. एकाच बोटातून लागोपाठ दोन पट्ट्यांवर घ्या, सात-आठचा फरक सहज येईल. "वाढली" म्हणून त्या सातवर घरात वाद घालू नका.

तुम्ही "अंगाने सडपातळ" असं लिहिलंत, त्यामागे प्रश्न दडलेला दिसतो: बारीक माणसाला हे का व्हावं? या प्रश्नावर जगातलं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यातच झालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये त्यांच्या गटानं नवजात बाळंही मोजली: सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं शाबूत. स्नायू कमी, चरबी जास्त, असा हा घाट जन्मापासूनचा. ही चरबी पोटात आणि यकृतात साठली की यकृत इन्सुलिनला दाद देत नाही. मिस्टरांचा सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट असेल तर काढून पाहा. "ग्रेड वन फॅटी लिव्हर" असं लिहिलेलं असतं आणि सगळे म्हणतात, हे तर सगळ्यांनाच असतं. सगळ्यांना असतं, म्हणूनच सगळ्यांची सकाळची साखर चढलेली असते. वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप इथे जास्त खरं बोलते.

अ‍ॅड्रेनॅलिन राहिलं. माझा एक जुना रुग्ण दर रविवारी सिंहगड चढतो. एकदा खिशात मीटर घेऊन गेला. पायथ्याला १३४, वर पोचला तेव्हा १७६. घाबरून फोन केला, "डॉक्टर, पिठलं-भाकरी अजून मागवलीसुद्धा नाही!" दम लागेल असा जोराचा चढ चढताना अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, यकृताला साठा फोडायला लावतं आणि बीटा पेशींना तात्पुरतं गप्प करतं. थोड्या वेळानं, आणि पुढचे काही तास, साखर उतरते; कारण काम केलेल्या स्नायूंची दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. संथ चालण्यात ही उसळी येत नाही, सरळ उतारच दिसतो. त्याला सांगितलं, गड सोडू नकोस, वर गेल्यावर मीटर सोड.

हेच अ‍ॅड्रेनॅलिन साखर फार खाली जाताना आपला पहारेकरी असतं. साखर ऐंशीच्या आसपास आली की निरोगी शरीर आधी इन्सुलिन आवरतं. पासष्ट-सत्तरच्या दरम्यान ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रेनॅलिन धावून येतात. हात थरथरणं, घाम, धडधड, खा-खा ही त्याचीच लक्षणं. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन मागाहून येतात, त्यांचं काम तासांचं असतं, मिनिटांचं नाही. वारंवार साखर खाली जाणाऱ्यांचा हा पहारेकरी हळूहळू झोपी जातो आणि माणूस सूचना न मिळता थेट गोंधळतो किंवा कोसळतो. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते. घाम मात्र सहसा येतोच. रात्री उशी घामानं भिजते का, हे म्हणून मी आवर्जून विचारतो.

कॉर्टिसॉलबद्दल एक गोष्ट, जी फार हुकते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात, त्या कॉर्टिसॉलच्याच जातीच्या. सकाळी घेतलेली गोळी दुपारी-संध्याकाळी साखर चढवते. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आकडा जवळपास ठीक असतो. घरचे फक्त सकाळची तपासतात आणि निश्चिंत राहतात. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तरी काही दिवस साखर वर राहते. ताप, शस्त्रक्रिया, अपुरी झोप, मोठ्यानं घोरून मध्येच श्वास अडकणं, हिंजवडीतल्या रात्रपाळ्या: सगळ्यांची वाट याच हार्मोनमधून जाते. मिस्टर घोरतात का, हे तुम्हीच मला कळवा; त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

आता करायचं काय. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करा. शक्य असेल तर साडेआठऐवजी साडेसातला. फुलके दोनच राहू देत, वरण थोडं घट्ट आणि वाटी मोठी. जेवून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं सोसायटीतच चाला, वेग कमी असला तरी चालेल. गोळीची वेळ किंवा मात्रा मनानं बदलू नका, पण तुमच्या डॉक्टरांशी तो विषय जरूर काढा. मेटफॉर्मिन या गोळीचा मुख्य परिणाम यकृताच्या साखर बनवण्यावर होतो. त्यामुळे ती गोळी रात्री द्यायची का, हा त्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, सहा महिन्यांत झालेलं नसेल तर करून घ्या. ते सातच्या आत असेल तर एकट्या सकाळच्या १५० पायी झोप उडवायचं कारण नाही.

आणि एक तपासणी घरीच करायची आहे. आठवड्यातून दोन-तीन रात्री, जेवण नेहमीसारखं झालेलं असताना, झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी सहाला साखर मोजा. हात साध्या पाण्यानं धुवून पुसून घ्या. पेरू-आंबा कापलेल्या बोटावर पट्टी लावली तर मीटर फळाची साखर वाचतो. तीनला ११०-१२० आणि सहाला १५०, तर वर सांगितलेली पहाटेची चढ. झोपतानाच १८० आणि मग तीनलाही तेवढीच, तर रात्रीचं ताट किंवा औषध कमी पडतंय. तीनला सत्तरच्या खाली आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा. गोळी जास्त होतेय. साखर रात्री पडून सकाळी उसळी घेते, हे सोमोजी या संशोधकाच्या नावानं पुस्तकात छापलेलं असतं. प्रत्यक्षात पुस्तकात वाटतं त्यापेक्षा ते बरंच कमी दिसतं, पण मोजल्याशिवाय सोडून देऊ नये.

पहाटे तीनला उठवण्याचं काम सासूबाईंवर सोपवलंत तर फ्रीजचाही निकाल लागेल.